पावडरीचा विटाळ

सरकारनं बीएचसी पावडरीवर बंदी आणायला पुढं पुष्कळ वर्षं घेतली. आमच्या सासूबाईंनी ती एका सकाळीत आणली.

दुष्काळाच्या आधीचं वर्ष होतं. बेलापूरजवळच्या वस्तीवर आम्ही राहायचो. सासऱ्यांनी भुईमुगावरच्या किडीसाठी पावडरीचं पोतं आणलं आणि माणूस तिच्या प्रेमातच पडला. फडक्यात बांधून, काठीनं झटकत ती पिकावर धुरळायची, एवढंच तिचं काम. पण यांनी ती बाजेवर ढेकणांसाठी टाकली, गोचिडांसाठी बैलांना चोळली, आणि आता ज्वारीच्या कणगीकडं त्यांचा डोळा होता. "लई गुनाची हाय," म्हणायचे आणि शिंकायचे. ढेकूण ठणठणीत होते.

माझी लेक तेव्हा नुकती रांगायला लागली होती. दिसेल ते तोंडात घालायची. माती, वहाण, आणि सगळ्यात आवडीची म्हणजे आजोबांची बोटं. ती पांढरी बोटं बघून माझा जीव टांगणीला लागायचा. पण सुनेनं सासऱ्यांना सांगायचं कसं? मी रागानं भांडी आपटायचे. त्यानं फक्त भांड्यांना पोचे आले.

एके दिवशी त्यांनी पावडर मोजायला पिठाच्या डब्यातलं मापटं नेलं आणि काम झाल्यावर इमानदारीनं परत पिठात ठेवलं. सासूबाईंनी डबाभर पीठ लांब खड्ड्यात पुरलं आणि ओट्यावर येऊन कमरेवर हात ठेवले.

"आजपास्नं पावडरीला हात लावला की कावळा शिवला समजायचं. त्या दिशी बाहीर बसायचं. दुसऱ्या दिशी न्हाल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई, पोरीला शिवायचं न्हाई."

"मला? बाप्यामानसाला?" सासरे हसले.

"व्हय. आमी बाया दर म्हयन्याला बसतो. मेलो का?"

सासरे हसायचे थांबले, कारण त्यांचं कांबळं ओट्यावर येऊन पडलं होतं. मला मेलीला कोण आनंद झाला! वेगळं ताट, वेगळा तांब्या, पाणी वरून ओतायचं, सगळं अगदी रीतीप्रमाणं. मी भाकरी लांबूनच ताटात टाकली.

"भाकर काय कुत्र्याला टाकतीस का गं?"

"विटाळ होईल ना, मामंजी," मी म्हटलं आणि पदर तोंडात कोंबला.

तेवढ्यात घोडेगावच्या बाजाराला निघालेले दोन सोयरे वाटेत डोकावले. बाहेर भुरभुर पाऊस, आणि घरचा कारभारी ओट्याच्या कडेला भिजत जेवतोय.

"पावनं, हितं का बसलाय?"

"आत लई उकडतंय," सासरे म्हणाले. त्यांच्या मिशीवरून पाणी गळत होतं.

सोयरे आत येऊन बसले. सासरे जागचे हलेनात. या माणसाच्या शब्दाला पंचक्रोशीत मान होता, आणि कावळा शिवलाय हे चारचौघांत सांगण्यापेक्षा त्यांनी विहिरीत उडी घेतली असती. मी चहाच्या कपबश्या घेऊन माजघराच्या दारात आले, तर लेक उंबरा ओलांडून तुरुतुरु आजोबांकडं निघालेली. पाहुण्यांसमोर सासऱ्यांवर ओरडायची सोय नव्हती.

"घ्या की नातीला! कशी झेपावतीया बघा," एक सोयरा म्हणाला.

लेकीनं आजोबांचा गुडघा धरला आणि त्यांच्या बोटांसाठी तोंड उघडलं. सासऱ्यांनी तिच्याकडं पाहिलं. पाहुण्यांकडं पाहिलं. मग धाडकन दोन्ही हात आभाळाकडं उचलून ते सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असे ओरडले,

"आरं, धरा तिला कुनीतरी! मला कावळा शिवलाय!"

एका सोयऱ्याला हसू दाबताना ठसका लागला. मी कपबश्या तिथंच टाकून धावले. लेकीला उचलून पार चुलीपाशी नेलं आणि वळून पाहिलं, तर सासऱ्यांचे हात अजून वरच होते.