पत्र्यावरून फिरणारा हात

"काय शिकलात वो तुमी?" असं विचारून ती उत्तरासाठी थांबत नसे. लाल खडू कानामागे खोचायची आणि पुढच्या दाराकडे वळायची. चाकणच्या ज्या कारखान्यात मी दीड वर्ष काढलं, तिथे हा प्रश्न तिने झाडून सगळ्या इंजिनिअरांना विचारला होता. एकदा परदेशी पाहुण्यांनाही विचारला. त्यांना मराठी येत नव्हतं, ते हसून "थँक यू" म्हणाले. तिने मान हलवली, जणू अपेक्षित उत्तर मिळालं.

कारखान्यात मोटारींची दारं बनत. प्रेसमधून पत्र्याचं दार बाहेर आलं की रंगाला जाण्याआधी ते तिच्यासमोर यायचं. पत्र्यात कधी कधी इतका उथळ खड्डा असतो की तो डोळ्यांना दिसतच नाही. रंग चढला आणि वर ट्यूबलाइटचा उजेड पडला, की मग त्या जागी उजेडाची रेघ वाकडी होते. तोवर उशीर झालेला असतो. असे खड्डे ती हाताने शोधून काढायची आणि त्यांवर खडूने फुली मारायची. कंपनीने दिलेले सुती हातमोजे घालायची खरी, पण त्यांच्या बोटांची टोकं कात्रीने कापून टाकलेली. एकवीस वर्षं ती हेच करत होती. राजगुरुनगरजवळच्या तिच्या गावाहून कंपनीच्या बसने यायची. सगळे तिला मावशी म्हणत, आणि सगळे तिला थोडे टरकून असत.

मी आलो सांगवीतल्या एका लहानशा फर्मकडून. आम्ही रबराचं एक बोट बनवलं होतं, आत बारीक सेन्सर असलेलं. टेकवलं की पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, ते सांगायचं. हात गमावलेल्या माणसांच्या कृत्रिम हातांना अशी बोटं बसवायची, असं आमचं मूळ स्वप्न. त्या स्वप्नाला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून आम्ही मोटारींच्या दारांकडे वळलो. रोबोच्या हाताला आमचं बोट लावायचं आणि मावशीचं काम त्याच्याकडून करून घ्यायचं. पण बोटाला शिकवणार कोण? अर्थात मावशी. ती दारावरून हात कसा फिरवते, कुठे थांबते, किती दाब देते, हे सगळं एका सेन्सरच्या मोज्यातून टिपून घ्यायचं होतं.

कंपनीतर्फे या कामावर एक साहेब होते. "आपण स्पर्श कॅप्चर करतोय," हे त्यांचं आवडतं वाक्य. दीड वर्षात त्यांना एकाही दाराला हात लावताना मी पाहिलं नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचे कपडे दिवसभर स्वच्छ राहतात.

पहिल्याच दिवशी मावशीने मला एका दारापुढे उभं केलं आणि म्हणाली, यात एक खड्डा हाय, शोधा. मी पाच मिनिटं पत्रा चोळला. काही लागलं नाही. तिने माझं मनगट धरलं आणि हात हलकेच वर उचलला.

"दाबू नका. दाबलं की हात बहिरा व्हतो."

मग तिने माझा हात अगदी सावकाश सरकवला. हँडलच्या खाचेखाली चार बोटांवर माझ्या मधल्या बोटाखालचा पत्रा किंचित खाली गेला. खाली गेला म्हणणंही जास्तच आहे. जिन्याची शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं काहीतरी झालं. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसली नाही, पण त्या दिवसापुरता तिने मला तो प्रश्नही विचारला नाही.

सेन्सरच्या मोज्याचा मात्र तिला मनस्वी तिटकारा. हा घालून पोराचा ताप बघाल का, असं तिने साहेबांना तोंडावर विचारलं. साहेब म्हणाले, मावशी, तुमचं ज्ञान जगापुढे जाणार आहे. ती म्हणाली, जगाला दारं तपासायची हायत का? पण तिने मोजा घातला. कामात तिने कधी हयगय केली नाही, स्वतःचीच जागा घेणाऱ्या यंत्राला शिकवण्याच्या कामातही नाही.

सात-आठ महिन्यांची नोंद जमली, तेव्हा मला आकड्यांत काहीतरी विचित्र दिसलं. तिच्या उजव्या हाताचा दाब दर महिन्याला वाढत होता. एकाच जागेवरून ती दोन-दोनदा हात फिरवत होती. पुढे पुढे तर ती खड्डे डाव्या हातानेच शोधायची आणि उजवा नुसता सोबतीला फिरवायची. दाबलं की हात बहिरा होतो, हे मला शिकवणारी बाई स्वतः दाबत होती.

नंतर चहाच्या सुट्टीत मी तिच्याकडे नीट पाहिलं. स्टीलच्या ग्लासातला चहा नुकताच उकळून आलेला, मला तो रुमालाशिवाय धरवेना. तिने ग्लासभोवती उजव्या हाताची चारही बोटं गच्च लपेटली होती आणि ती शेजारणीशी बोलत बसली होती. बोटं लाल झाली होती.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. शुगर असल्याचं सांगितलं. आधी बोटांना मुंग्या यायच्या, आता त्याही येत नाहीत.

"डावा हाय अजून," ती म्हणाली. "कुठं बोलू नका."

दीड वर्षात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

पुढच्याच आठवड्यात आढावा बैठक होती. साहेबांनी पडद्यावरच्या आलेखाकडे बोट दाखवून विचारलं, ही रेषा अशी वर का चढतेय? मोज्यातले सेन्सर दर पंधरा दिवसांनी सैल व्हायचे. सेन्सर सैल झालाय एवढं म्हटलं असतं तर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. मी म्हणालो, ऑपरेटरच्या उजव्या हाताची संवेदना कमी झालेली दिसते. मी नाव घेतलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. ऑपरेटर एकच होती. खरं एवढंच की ती गोष्ट मी आकड्यांतून शोधून काढली होती, आणि मी किती हुशार आहे ते त्या खोलीत कुणाला तरी कळावं असं मला वाटत होतं.

साहेब खूश झाले. माणसाचा हात झिजतो, यंत्राचा झिजत नाही, हे सांगायला त्यांना इतका चांगला दाखला शोधून सापडला नसता. आमचं रबराचं बोट तीन महिन्यांत दोनदा फाटलं होतं, याची आठवण त्यांना कुणी करून दिली नाही. मीही नाही.

शेवटची चाचणी ठरली. चाळीस दारं आधी यंत्राने तपासायची, मग मावशीने. यंत्राने तीन दारं बाद केली. मावशीने डाव्या हाताने तीही केली आणि वर आणखी सहा. सगळी दारं तशीच रंगाला पाठवली. रंगून आल्यावर ट्यूबलाइटखाली नऊच्या नऊ जागी उजेडाची रेघ वाकडी झालेली दिसत होती, तिच्या फुल्या जिथे होत्या बरोबर तिथे. साहेबांनी एक पाऊल मागे घेतलं, मान तिरकी केली, आणखी एक पाऊल मागे घेतलं.

"गिऱ्हाईक इतक्या जवळून बघत नाही," ते म्हणाले.

मग खड्डा कशाला म्हणायचं, त्याची मर्यादा वाढवण्यात आली. नवा आकडा माझ्या लॅपटॉपवर मीच टाकला. त्याबरोबर ते सहा खड्डे खड्डे राहिलेच नाहीत आणि यंत्र चाळीसपैकी चाळीस दारांबाबत बरोबर ठरलं. मावशी तिथेच उभी होती. तिने मला तिचा नेहमीचा प्रश्नही विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

तिची बदली पॅकिंगला झाली. त्याआधी तिचा सत्कार ठेवला, कारण अशा वेळी सत्कार ठेवतात. साहेबांनी भाषणात सांगितलं की मावशींचा स्पर्श आता यंत्रात अमर झाला आहे. शाल खांद्यावर पडताच तिने डाव्या हाताची बोटं तिच्यावरून एकदा फिरवली.

"पॉलिस्टर हाय," ती शांतपणे म्हणाली. माईक जवळच होता. मागच्या रांगांतल्या बायका खळखळून हसल्या आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मग फोटोग्राफरने तिला एका दारापाशी नेलं आणि पत्र्यावर हात ठेवायला सांगितलं. तिने सवयीने डावा ठेवला. तो म्हणाला, डावा नको मावशी, बरं दिसत नाही. तिने गर्दीत मला शोधलं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि उजवा हात पत्र्यावर ठेवला.

पॅकिंगला ती दोन महिने राहिली. दारांच्या कोपऱ्यांना फोम गुंडाळायचं काम. एके दिवशी पत्र्याच्या धारेने तिचं उजवं बोट खोलवर कापलं आणि फोमवर रक्त पसरलं. तिला पत्ताच नव्हता. शेजारणीने हात धरून दाखवलं तेव्हा कळलं. डॉक्टरांचा कागद आला, मग सुरक्षेचा मुद्दा आला, आणि महिनाअखेरीस तिने राजीनामा दिला. दिला म्हणजे लिहून तयार होता, तिने सही केली.

शेवटच्या दिवशी मी बसपाशी जाऊन उभा राहिलो. माफी मागायची होती. नेमकी कशाची, ते ठरवत असतानाच ती बोलली.

"तुमी खोटं बोलला न्हाईत. पर मी ते तुमाला सांगितलं व्हतं. मशीनला न्हाई."

बँडेजचा हात मांडीवर ठेवून ती खिडकीशी बसली. बस निघेपर्यंत तिने दुसऱ्या बायकांशी भाजीच्या, लग्नाच्या गप्पा मारल्या. माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

तिच्या गावी मी गेलो नाही. जाईन जाईन म्हणत राहिलो, आणि मग तेही म्हणेनासा झालो.

आता कारखान्याच्या स्वागतकक्षात भिंतभर एक फोटो लावलाय. त्यात चेहरा नाही, कापून टाकलाय. नुसता मनगटापर्यंतचा हात आहे, चकचकीत पत्र्यावर पसरलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत स्पर्शाच्या विज्ञानाबद्दल काहीतरी लिहिलंय. पाहुणे त्यापुढे थांबतात. कोणी म्हणतं, काय अनुभवी हात आहे. साहेब मान डोलावतात. यंत्राच्या देखभालीसाठी तिथे गेलो की मीही कधी कधी त्या घोळक्यात उभा असतो. फोटो काढला तेव्हा त्या हाताला खाली पत्रा आहे की हवा, तेही कळत नव्हतं, हे तिथे फक्त मला आठवत असतं, आणि मी ते कुणाला सांगत नाही.