डाव्या हाताची मशीन

अवजार घ्यायचं तर हातात धरून घ्यावं, आणि ओल्या हाताने धरावं. मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. शाळा चौथीपर्यंत झाली, पण मासळी साफ करण्यात जन्म गेला, त्यामुळे हातातून काय निसटेल ते मला कळतं.

माझे यजमान एडवणला होड्यांचं सुतारकाम करतात. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांच्या उजव्या हाताची पकड गेली. गिरमिट फिरवायला दोन हात लागतात, म्हणजे फळीला भोक पाडणं संपलं. शेजाऱ्याची होडी दारासमोर ओढून ठेवलेली. नारळी पौर्णिमेआधी तिच्या फळ्या बदलायच्या होत्या. हे ओट्यावर तिच्याकडे पाठ करून बसायचे. आणखी थोडे दिवस तसे बसले असते तर पुन्हा उठलेच नसते.

मी पालघरला हार्डवेअरच्या दुकानात गेले. बाटलीतल्या पाण्याने डावा हात भिजवला आणि एकेक ड्रिल मशीन उचलली.

"मावशी, मशीनला पाणी नको," दुकानदार म्हणाला.

"होडीत काय कोरडं असतं?"

पहिली जड होती. दुसरीला बाजूला बटण. "हे दाबलं की बोट सोडलं तरी चालू राहते. आरामाचं काम."

"आराम घरी हाय. बोट सुटलं की थांबली पायजे."

तिसरी बॅटरीची, हलकी, मुठीला रबर. वायर पायात यायची नाही. तीच घेतली.

"काका डावरे आहेत का?"

"व्हतील. अजून सांगितलं नाय त्यांना."

दुकानात ओल्या हाताने कशी पारखली ते घरी सांगितलं. यांनी मशीन बघितली. "खेळणं हाय."

"मग मीच भोकं पाडते," म्हणून मी होडीच्या फळीला मशीन लावली. भोक तिरपं गेलं. मुद्दाम केलं नव्हतं, मला सरळ येतच नाही.

हे ओट्यावरून उठले. "फळीची वाट लावशील. दे इकडं." त्यांचं पहिलं भोकही तिरपंच गेलं. तिसरं सरळ. वाया गेलेली भोकं खुंट्या ठोकून बुजवली.

मग ते वासल्याकडे वळले. लाकूड तासायच्या या अवजाराचा दांडा आमच्याकडे सुतार स्वतःच्या मुठीपुरता घडवतो. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही, बायकोनेही नाही. यांचा दांडा उजव्या मुठीचा होता. डाव्यासाठी बाभळीचं लाकूड मी पायाखाली दाबून धरलं. यांनी एका हाताने ते तासलं, काचेने घासलं. मधेमधे मला शिव्याही दिल्या, पाय हलतो म्हणून.

झाल्यावर दांडा माझ्यासमोर केला. "धरून बघ."

"मी? तुमचा दांडा?"

"ओल्या हातानं धर. दुकानात धरत व्हतीस तशी."

मी बादलीत हात बुडवला आणि धरला. माझ्या मुठीला जाड होता. पण निसटला नाही.

"बरा हाय," मी म्हटलं, आणि त्यांच्या डाव्या हातात दिला.