माईंचा पलंगाखालचा संसार

माईंचा खरा संसार पलंगाखाली होता. वर नवरा झोपायचा आणि खाली चाळीस किलो कांदे. दोघांपैकी जास्त लक्ष कोणाकडे, हे विचारायची सोय नव्हती.

बाजारात माई एकेक कांदा मानेला चिमटीत धरून पारखायच्या. मान जाड, की परत. जोडकांदा परत. कोंब म्हणजे तर थेट अपमान. घरी आणून कांदे गोणपाटावर पसरायचे आणि दर चौथ्या दिवशी पालथं पडून, बॅटरी लावून, वास घेत वरखाली करायचे. एक नासला की शेजाऱ्यालाही घेऊन जातो. म्हणून अकरा वर्षांत माई चार दिवसांपेक्षा जास्त कुठे राहिल्या नव्हत्या.

यंदा धाकट्या बहिणीने फोनवर दमच दिला. "ताई, पंधरा दिवस ये. नाहीतर यापुढे कांद्यांनाच बहीण मान!"

तिकीट आलं, बॅग भरली. नवरा रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेला, टापटिपीचा भोक्ता. म्हणाला, "जा बिनधास्त. कांदेच आहेत, तान्ही बाळं नव्हेत."

"वास कळतो का तुम्हाला?"

"नाक माझ्याआधीच रिटायर झालंय. पण डोळे आहेत की!"

निघायच्या आदल्या दुपारी माई बहिणीसाठी टॉवेल आणायला गेल्या. परतल्या तर नवरा दारातच, छाती फुगवून. पलंगाखाली कांदे उंचीप्रमाणे ओळीत उभे, गुलाबी, चकचकीत. कोपऱ्यात पोतंभर सालं.

"केवढा कचरा होता गं! एकेकाला साफ केलं."

माईंनी पोत्यातली मूठभर सालं उचलली. "अहो, त्या सालांच्या जिवावर तर ते टिकतात! आता आठवड्यात माना टाकतील."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "सडले तर सडले. फेकून देईन मी. तू जा."

"आणि तिथे बसून मला वास आला तर?"

नवऱ्याने सालांचं पोतं हळूच दाराआड सरकवलं.

फोन वाजला. बहीणच. नवऱ्याने उचलला. माईंनी भरल्या बॅगेतून बॅटरी काढली आणि पलंगाखाली शिरल्या. बाहेर राहिले फक्त पाय. प्रवासात चावू नयेत म्हणून आज घालून पाहिलेल्या नव्या चपला काढायच्या राहूनच गेल्या होत्या.

"अगं, काय सांगू तिला?"

"सांगा, कांदे उघडे पडलेत."

बराच वेळ नुसती खुडबूड. मग खालून आवाज आला, "आणि तिकीट एवढ्यात फाडू नका."