मास्तरांची पाठ

ऑर्केस्ट्रात वाद्यं मोजकी असतात, किस्से मात्र उतू जातात. वाद्यं निदान कार्यक्रम संपला की पेटीत जाऊन गप पडतात. किस्से पेटीत बसत नाहीत. ते जीपमध्ये आपल्याशेजारी बसतात, घरी येतात, जेवायला थांबतात. परवा माझ्या बायकोने एक किस्सा मलाच रंगवून सांगितला. वर म्हणाली, "तुम्हाला ठाऊक न्हाय का हे?" अगं, त्या किश्शात मी आहे!

मी लोहाऱ्याच्या ऑर्केस्ट्रातला क्लॅरिनेटवाला. दिवसा सरकारी नोकरी, म्हणजे विश्रांतीच. संध्याकाळी लग्नं, गणपती, जत्रा. आमचे म्होरके अंबादास मास्तर. मास्तर स्वतः काहीच वाजवत नाहीत. पांढरा कोट घालून, हातात बारीक काठी घेऊन मधोमध उभे राहतात आणि बाकीच्यांना वाजवायला लावतात. नुकताच त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला. तेव्हापासून आम्ही भेटलो की दुसरा विषयच नाही.

*

सगळं सुरू झालं बेंबळीत. आमचा पहिला मोठा कार्यक्रम. मास्तर सोलापुरात एका बँडमध्ये शिकून आलेले, त्यामुळे शास्त्राप्रमाणे आमच्याकडे तोंड आणि पब्लिककडे पाठ करून उभे राहिले. पहिलं गाणं झालं. एक टाळी नाही! पुढच्या खुर्चीतले सरपंच उठले.

"ओ मास्तर, आमच्याकडं पाठ करून कशाला उभारलाव? काय चुकलं आमचं?"

मास्तरांनी समजावून सांगितलं की वाजवणाऱ्यांवर नजर ठेवावी लागते.

"नजर कशापायी? पळून चाललेत का ते? आन् पाव्हण्यांकडं पाठ करायची आमच्या गावात रीत न्हाय!"

रीत न्हाय म्हटल्यावर बोलणं संपलं. मास्तर वळले ते वळलेच. कारण ही बातमी पार परंड्यापर्यंत पोचली, आणि आपल्या पाव्हण्यांची इज्जत बेंबळीच्या पाव्हण्यांपेक्षा कमी आहे असं मानणारं गाव या जिल्ह्यात अजून वसायचं आहे. तेव्हापासून मास्तरांचं तोंड पब्लिकला आणि पाठ आम्हाला.

मैदानाच्या कडेला घोंगडं टाकून एक मेंढपाळ ऐकत बसला होता. जाता जाता मला म्हणाला, "मेंढरांकडं पाठ करून कुणी मेंढरं राखतंय व्हय?"

मी मेंढरांतलाच असल्यामुळे काही बोललो नाही.

*

आता पाठीकडे बघून वाजवायचं म्हणजे पाठीची भाषा ठरवणं आलं. मास्तरांनी ठरवली. उजवा खांदा वर गेला की लय वाढवायची. डावा खाली आला की हळू वाजवायचं. दोन्ही हात मागून दिसेनासे झाले की थांबायचं. आणि डावा हात कॉलरला लागला की गाणं संपवायचं.

ही भाषा अंगवळणी पडावी म्हणून तालीमही तशीच. मास्तरांच्या घरी, पुढच्या खोलीत. आम्ही सतरंजीवर, आणि मास्तर आमच्याकडे पाठ करून, भिंतीला नाक लावून उभे. रोज संध्याकाळी.

शेजारी नवीन सून आली. चार-पाच दिवस तिने खिडकीतून हा प्रकार बघितला आणि शेवटी न राहवून सासूला विचारलं, "आत्याबाई, ते म्हातारे रोज भिंतीकडं तोंड करून उभारतेत आन् बाकीचे आनंदानं वाजवायलेत. काय चूक केली ओ त्यांनी?"

सासू म्हणाली, "ऑर्केस्ट्रा काढला, आणिक काय!"

*

परंड्याचा किस्सा मात्र वाजवणाऱ्यांनाच कळेल असा आहे. आमच्या गायिका सुमनताई एक विरहाचं गाणं म्हणत होत्या. इतकं संथ, की दोन ओळींच्या मध्ये माणूस चहा पिऊन येईल. अचानक मास्तरांचा उजवा खांदा वर गेला. आम्ही लय वाढवली. खांदा पुन्हा वर गेला. आणखी वाढवली. मग तर खांदा उडायलाच लागला! ड्रमवर आमचे रसूलभाई. ते असल्या बाबतीत मागे हटणारे नव्हेत. सुमनताईंचा विरह असा काही धावत सुटला की समोरची पोरं उठून नाचायला लागली. वन्स मोअर!

गाणं संपल्यावर मास्तर मागे वळले. चेहरा लालबुंद.

"अरे गाढवांनो, कोटात किडा शिरला हुता!"

रसूलभाई घाम पुसत म्हणाले, "मास्तर, किडे का ठेका अच्छा था. उसकू बी पार्टी में ले लेव!"

*

पब्लिककडे तोंड असल्याचा दुसरा तोटा म्हणजे पाव्हणे दिसतात. दिसले की नमस्कार करावा लागतो. आणि नमस्काराला दोन्ही हात छातीशी गेले की मागून ते दिसत नाहीत. म्हणजे थांबायचं. त्यामुळे कोणी मोठा माणूस मांडवात शिरला की आमचं गाणं बंद! तो बसला, मास्तरांचे हात परत दिसले, की गाणं चालू.

आम्हाला वाटलं, लोक हाणतील. कसलं काय! "आपण आलो की ऑर्केस्ट्रा थांबतो" ही गोष्ट पुढाऱ्यांना भलतीच आवडली. पुढे पुढे तर कार्यक्रम ठरवतानाच विचारायचे, "पाव्हणं आल्यावर थांबता तेच का तुमी?"

एका लग्नात नवरीचे मामा मांडवात आले आणि नेमकं तेव्हा मास्तरांचं लक्ष दुसरीकडे. गाणं चालूच राहिलं. मामा अर्ध्या वाटेत थबकले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि तसेच बाहेर निघून गेले. आता मोडतंय लग्न, असं वाटून नवरीचा बाप मागे पळाला. मामा मांडवाच्या दारात उभे राहून फेटा नीट करत होते.

"मास्तरला म्हणावं, हिकडं बघ," मामा म्हणाले. "म्या परत येतो."

*

सोजरबाई बेंबळीच्या. आमचा कार्यक्रम आसपास कुठेही असो, म्हातारी हजर. पहिल्या रांगेच्याही पुढे, जमिनीवर, लुगडं सावरून बसणार. एकदा कार्यक्रम संपल्यावर ती मास्तरांकडे आली आणि कमरेची पिशवी सोडून ओव्याची पुडी त्यांच्या हातावर ठेवली.

"गरम पाण्यासंगं घ्या. लई दिसापासून बघायलेय म्या. गाणं चालू असलं की मधीच कळ येती तुमाला."

"कळ? कसली कळ?"

"पोटात! तोंड असं वाकडं हुतंय बगा," म्हणून सोजरबाईंनी डावी भुवई कपाळात चढवली आणि ओठ एका बाजूला ओढला.

मास्तर हसले. "आज्जी, पोट ठणठणीत हाय. ह्यो क्लॅरिनेटवाला चुकला की माझं तोंड तसं हुतंय."

सोजरबाईंनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मास्तरांच्या हातातली पुडी काढून घेतली आणि मला दिली.

तेव्हा कळलं की पब्लिक आमचं गाणं ऐकत नव्हतंच, मास्तरांचं तोंड बघत होतं. कोण कुठे चुकला ते अख्ख्या जिल्ह्याला कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त आम्हाला, कारण आम्हाला दिसायची पाठ. त्या भुवईची नक्कल करणारी माणसं मला बाजारात भेटायची, पण ती भुवई मी वाजवताना कधी पाहिली नव्हती.

*

डीजे आले, लोकांनी आम्हाला बोलावणं कमी केलं, पण मास्तर हटले नाहीत. त्यांना हटवलं खांद्याने. उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, "वय झालं. हात वर करायचाच नाही." आता खांदा वर जाईना म्हटल्यावर आमची लय कशी वाढणार? एका हळदीत आम्ही नाचाचं गाणं अशा चालीने वाजवलं की नाचणाऱ्या बायका हळूहळू खालीच बसल्या. एक आजी तर डोळ्याला पदर लावून विचारत होती, "कोण गेलं गं?"

त्या दिवशी जीपमध्ये मास्तर म्हणाले, "बास आता. लोहाऱ्यात एक शेवटचा कार्यक्रम करू." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जन्मभर तुमचं वाजवणं ऐकलं. पर बेंबळीच्या त्या पहिल्या गाण्यानंतर वाजवताना तुमची तोंडं कशी दिसतेत, ते काय बघितलंच न्हाय म्या. एक गाणं तुमच्याकडं तोंड करून करायचंय. एकच."

मला भरून आलं, ते मी लपवलं नाही.

पण रीतीचं काय? निरोपाच्या दिवशी गावाकडे पाठ करायची? मास्तरांना तेही पटेना. मग मीच सुचवलं, ज्यांनी रीत घातली त्यांच्याकडूनच ती सोडवून घेऊ. बेंबळीच्या त्या सरपंचांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. आता ते माजी, काठी टेकत चालतात.

*

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर. जुनी जुनी गिऱ्हाइकं आलेली. ज्यांच्या लग्नात वाजवलं ते मोठाली पोरं घेऊन आलेले. ते नवरीचे मामाही होते. मांडव नव्हता, तरी आले तेव्हा मास्तरांनी हात जोडले, आम्ही गाणं थांबवलं, आणि मामा समाधानाने बसले. सोजरबाई बेंबळीहून जीपने आलेल्या, नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे जमिनीवर.

शेवटच्या गाण्याआधी माजी सरपंचांच्या हातात माइक दिला. त्यांनी आधी घसा साफ केला.

"मास्तर, तवा म्या चुकलो का तुमी चुकलाव, ते जाऊ द्या. आज आमच्याकडं पाठ करा. आमचा हुकूम हाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांनी पब्लिकला वाकून नमस्कार केला आणि आमच्याकडे वळले.

आमच्याकडे बघून ते हसले. एकेकाकडे बघितलं. मग डाव्या हाताने काठी उचलली आणि आम्ही सुरू केलं.

आणि बोंबललं! मागून जो खांदा उजवीकडे असतो तो समोरून डावीकडे आला. अर्ध्यांनी हळू वाजवलं, अर्ध्यांनी भरभर. हात जोडलेले असोत नाहीतर नसोत, समोरून ते सगळेच दिसत होते, त्यामुळे थांबायचं कधी ते कळेना. मी एक स्वर चुकलो, आणि ती भुवई वर गेली! ती पाहून मी इतका दचकलो की पुढचे सगळे चुकलो. सुमनताई गाता गाता थांबल्या. रसूलभाईंनी काठ्या खाली ठेवल्या.

मास्तरांच्या हातातली काठी तशीच वर राहिली. काय झालं ते त्यांना कळेना. आणि सांगायचं कोणी?

शेवटी रसूलभाई उठले. हात जोडून हळूच म्हणाले, "मास्तर, बुरा नक्को मानो. जरा पब्लिक की तरफ मूं कर लेव. हमना तुमारे मूं से कुच समजताच नई!"

मास्तर क्षणभर आमच्याकडे बघत राहिले. मग मान हलवली आणि वळले. पांढरा कोट, बगलेत उसवलेली शिवण, मानेवर घाम. आमची ओळखीची पाठ! डावा खांदा हलकेच खाली आला आणि गाणं सुरू झालं. संथ गाणं, आखडलेल्या खांद्याला त्रास नाही. असं वाजलं की काय सांगू! सुमनताई, रसूलभाई, मी, कुणीही कुठेही अडखळलं नाही. मी जन्मात पहिल्यांदा एकही चूक केली नाही.

शेवटचं कडवं आलं. आता डावा हात कॉलरला लागला की संपवायचं. हात लागला नाही. आम्ही धृपद परत घेतलं. हात नाही. परत घेतलं. पाठ जराशी हलत होती, पण त्या हलण्याचा अर्थ आमच्या ठरलेल्या भाषेत नव्हता. आम्ही आपले वाजवतोय.

तेवढ्यात पुढून, जमिनीवरून, सोजरबाईंचा खणखणीत आवाज आला.

"ओ क्लॅरिनेटवाले! आज तर तुमी कुठंच चुकंनाव, मग मास्तरचं तोंड असं कशानं व्हायलंय?"