कयाकची बंडी

नत्थुजी कुठंही बसायच्या आधी बोटाच्या पेरानं ठोकून बघायचे. खाट, बाक, आमच्या घरची प्लास्टिकची खुर्चीसुद्धा.

चहा बशीत ओतून गार करायचे आणि परत कपात ओतून प्यायचे.

रस्त्यात खिळा दिसला की उचलायचे. वाकडा निघाला तर आधी शिवी, मग खिसा.

पेपर दोन दिवसांनी वाचायचे. "ताजी बातमी कच्ची असते," म्हणायचे.

फूट-इंच येत होते, पण सांगायचे नाहीत. चार बोटं, एक वीत, दीड हात.

काहीही विचारलं की पहिलं उत्तर, "काहून?"

हे आठवेल तसं लिहितो आहे. नत्थुजी गेले त्याला आज अकरा दिवस झाले. डॉक्टरांनी सांगितलं ते मला कळलं. बाकीचं अजून कळलेलं नाही.

आमचं गाव मोर्शीच्या बाजूला, धरणाच्या काठावर. जुनं गाव पाण्याखाली गेलं. या गावाला कागदावर नाव आहे, पण सगळे पुनर्वसनच म्हणतात. माझा जन्म इथलाच. नत्थुजी जुन्या गावचे सुतार. बंड्या, म्हणजे बैलगाड्या, करायचे. इथं आले तेव्हा तिशीत होते. पुढं ट्रॅक्टर आले, बंड्या संपल्या. मग चौकटी, देव्हारे, खाटांचे पाय.

इथं आल्यापासून ते एकदाही पाण्याकडं गेले नव्हते. गणपती बुडवायला सगळं गाव जायचं, हे ओट्यावर बसायचे. धरणातले मासेही खायचे नाहीत.

"माह्याच वावरात चरून मोठे झाले ते. घरचं जनावर खाते का कोणी?" असं म्हणून स्वतःच हसायचे.

मी अमरावतीत, राजापेठेत ट्यूशन क्लासमध्ये मराठी शिकवतो. शनिवारी गावी येतो, उन्हाळ्यात मुक्कामीच असतो. माझ्याहून ते चाळीस वर्षांनी मोठे. तरी आमची दोस्ती होती. मला ते 'एमे' म्हणायचे. गावात दुसरा एमे नाही.

आता दामिनी. त्यांच्या शेजारची. बारावीत आहे. कयाक चालवते. कयाक म्हणजे लांब, अरुंद होडी. तिच्यात पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं पाणी मागं सारायचं. अमरावतीच्या शेषराव सरांनी, म्हणजे खेळाच्या एका निवृत्त शिक्षकांनी, चार वर्षांपूर्वी पाच जुन्या कयाक आणून काठावरच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवल्या. चार फुटल्या. एक राहिली. सतरा फूट लांब, पस्तीस किलो, जाड फायबरची. नत्थुजी तिला तुरीची शेंग म्हणायचे.

दामिनीची राज्याची निवड चाचणी नऊ जूनला आहे. रोज पाण्यात उतरायला हवं. हिवाळ्यात पाणी शेडपाशी असतं. मार्चपासून मागं सरकतं. यंदा एप्रिलच्या सुरुवातीला सहाशे पावलांवर गेलं. उचलायला हात लावणारी पोरं परीक्षा संपताच कामाला निघून गेली. दामिनी एकटी खांद्यावर न्यायला लागली. एक दिवस वारा आडवा आला आणि कयाक हातातून सुटली. बुडाला तडा गेला.

शेषराव सरांनी तडा बुजवला. म्हणाले, "आणखी एकदा पडली की संपलं, बेटा. दुसरी होडी माझ्याजवळ नाही."

ती नत्थुजींच्या ओट्यावर बसून रडत होती. मी तिथंच होतो.

"काहून रडून राह्यली व?"

"आबाजी, ते उचलत नाही मायाच्यानं. पडली तं फुटन."

"उचलतं काहून? गाडीवर ने."

"कोणाच्या गाडीवर?"

नत्थुजींनी माझ्याकडं पाहिलं. "एमे, शेंग मोजून आण. लांबी नोको सांगू, पोट सांग."

आठ दिवस ठोकाठोक चालली. नवव्या दिवशी अंगणात गाडी उभी होती. आम्ही पाहतच राहिलो. ती बंडी होती. अस्सल बाभळीची, चाकांना लोखंडी धाव, दांडी, साटा, सगळं. फक्त बैल नव्हते. वर दामिनीची कयाक ठेवली तर म्हशीच्या पाठीवर बगळा बसावा तशी दिसली.

गावातले महादेवराव रस्त्यावरून ओरडले, "नत्थुजी, आता बैलबी पोहणारेच घ्या!"

दामिनीनं दांडी ओढली. बंडी हलली नाही. मी लागलो. दोघं मिळून कुंपणापर्यंत गेलो आणि धापा टाकत बसलो.

"आबाजी, होडीपेक्षा गाडीच तिप्पट जड हाय," दामिनी म्हणाली.

"हलकी बंडी चाकोरीतून उडते, पोरी."

"कोणती चाकोरी?"

"जुन्या रस्त्याची. पाणी एवढं गेलं म्हंतं ना तू? मंग उघडी पडली असन."

मी पाहायला गेलो. खरंच होती. शेडच्या डाव्या हाताला, मुरमात, दोन खोल रेघा. जुन्या गावाच्या बंड्यांची वाट. सरळ पाण्यात जात होती. मी तिथं शंभरदा गेलो असेन. मला त्या कधी दिसल्या नव्हत्या. दोन रेघांमधलं अंतर पावलानं मोजलं, घरी येऊन बंडीची चाकं मोजली. तेवढंच. हे माप नत्थुजींकडं एका गाठी मारलेल्या दोरीवर होतं. इतकी वर्षं जपलेलं माप बरोबर निघालं आणि गाडी मात्र चुकली. याला काय म्हणावं, मला समजेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बंडी स्वतः फोडली. त्यांच्या पत्नी, रुख्मिणी आजी, दारात उभ्या होत्या.

"आठ दिवस ठोकली. आता फोडून राह्यले. माणूस हाय का काय हाय?"

"सरपण झालं ना तुले! चुलीले काय, बंडी काय न् बुंधा काय."

मग त्यांनी दामिनीच्या वडिलांच्या बंद पडलेल्या लुनाची दोन चाकं काढली. मध्ये आस, त्यावर दोन लाकडी खोबणी, खोबणीत जुन्या गोधडीची घडी. कयाक मधोमध ठेवायची आणि सायकलच्या ट्यूबनं आवळायची. बास. वजन पंधरा किलोही नसेल. मधोमध म्हणजे नेमकं कुठं, यावर त्यांनी अख्खा दिवस घालवला. मागं वजन झालं तर गाडी उलार होते, नाक वर उचलतं. पुढं झालं तर ओढणाऱ्याचं मनगट जातं. शेवटी त्यांनी कयाकच्या नाकाखाली एक बोट लावलं आणि ती तशीच बोटावर तोलून धरली.

"ओढ," म्हणाले.

दामिनी एका हातानं ओढत शेडपर्यंत गेली. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

पण मुरूम पाण्याच्या अलीकडंच संपतो. पुढं गाळ. पहिल्याच सकाळी चाकं आसापर्यंत रुतली आणि कयाक तिरपी झाली. दामिनीनं अंगाखाली घेऊन वाचवली. हे तिनं सांगितलं तेव्हा नत्थुजी पेपर वाचत होते.  संध्याकाळी डोक्यावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, भारा घेऊन निघाले. पाण्याकडं.

मी मागं मागं गेलो. मला वाटलं, ते थांबतील. काही बोलतील. कुठं काय होतं ते दाखवतील. त्यांनी भारा टाकला, वाकून चिमूटभर गाळ उचलला, बोटांत चोळला.

"चांगला हाय," म्हणाले आणि कामाला लागले.

ओल्या वावरातून बंडी काढायची असली की आमच्याकडं चाकांखाली पऱ्हाट्या घालतात. त्यांनी पाण्यापर्यंत तसा गालिचाच घातला. खाली आडव्या, वर उभ्या. त्यावरून लुनाची चाकं कुरकुरत गेली, रुतली नाहीत. पण पाणी रोज सरकायचं. कधी चार पावलं, कधी सात. म्हणून रोज संध्याकाळी नत्थुजी भारा घेऊन जायचे आणि जेवढं पाणी सरकलं तेवढी वाट वाढवायचे. महिनाभर. दामिनी एक दिवस चुकली नाही. तिची वेळ सुधारली, असं शेषराव सर म्हणाले.

मी विचारलं, "आबाजी, इतकी वर्षं आले नाही तुम्ही इकडं. आता काहून?"

"पोरगी रडत होती ना बे."

चार दिवसांनी परत विचारलं.

"पऱ्हाट्या पडून होत्या घरी. बुढी कटकट करत होती."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चिडले. "तू एमे हायेस ना? मंग तूच लाव अर्थ."

मी लावून पाहिला. वाटलं, ते आपल्या गावापर्यंत पोचायची वाट बांधत आहेत. पण गाव अजून खूप आत आहे, यंदा उघडं पडणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. वाटलं, पाण्याला माफ केलं असेल. पण मासे ते शेवटपर्यंत खाल्ले नाहीत. वाटलं, फक्त पोरीसाठी. मग चाकोरीची दोरी कशासाठी जपली? एकही अर्थ टिकत नाही.

सतरा मेच्या संध्याकाळी ते वाट वाढवत होते. दामिनी पऱ्हाट्या हातात देत होती. ते मध्येच खाली बसले. छातीला हात लावला नाही, ओरडले नाहीत. नुसते बसले. आम्ही त्यांना मोर्शीला नेलं, तिथून अमरावतीला, आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला, कारण त्यांची मुलगी जमुना तिथं असते. वीस तारखेला मी भेटलो. तोंडातली नळी नुकतीच काढली होती.

"पाणी किती सरकलं?"

"माहीत नाही, आबाजी." मी दोन दिवस बसमध्येच होतो.

त्यांनी डोळे मिटले. "मंग पाह्यतं काय तू?"

संध्याकाळी गेले. त्यानंतर ते कोणाशी बोलले असतील तर मला माहीत नाही.

चाचणीला नऊ दिवस उरले आहेत. मधल्या दिवसांत पाणी सत्तरेक पावलं सरकलं. नत्थुजींची वाट जिथं संपते तिथून पुढं दामिनी आणि मी कयाक दोन्ही टोकांना धरून नेतो, गुडघाभर गाळातून. परवा माझा पाय अडकला. कयाक कलली, तडा होता त्याच जागी दामिनीनं मांडी लावली. मांडी सोलली. कयाक वाचली.

म्हणून काल संध्याकाळी मी भारा घेऊन गेलो. खाली आडव्या घातल्या, वर उभ्या. दामिनीनं रिकामी गाडी ओढून पाहिली. चार पावलांवर पऱ्हाट्या घसरून बाजूला झाल्या आणि चाक खाली गेलं. मागं, नत्थुजींच्या वाटेवर, हेच चाक नीट चालत होतं.

"दादा, आबाजी बुडखे कोणीकडं ठेवत? पाण्याकडं का काठाकडं?"

उभ्या पऱ्हाट्यांची मुळाकडची जाड टोकं कुठं आहेत ते मी त्यांच्या वाटेच्या टोकाशी जाऊन पाहिलं. टोक तुडवलं गेलं आहे, गाळानं माखलं आहे, काही कळत नाही. शेवटच्या तीन पावलांवर आडव्या पऱ्हाट्या आहेत. त्यावर उभ्या घालायच्या राहिल्या. बाजूला त्यांनी आणलेला दुसरा भारा पडला आहे. त्याची गाठ अजून सुटलेली नाही.