बाईंना दिलेली माफी

माणसाला माफ करायचं असेल तर आधी त्याला विचारून घ्यावं, हे शहाणपण मला सत्तरी ओलांडल्यावर आलं. कापसाच्या ढिगावर बसल्या बसल्या एका संध्याकाळी मी माझ्या थोरल्या नणंदेला न विचारताच माफ करून टाकलं. एवढा मूर्खपणा मी नवी नवरी असतानाही केला नव्हता, आणि तेव्हा मी मूर्खपणात काही मागे नव्हते.

या नणंदेला आम्ही सारे बाई म्हणतो. चुकलेल्याची बाजू घ्यावी तर ती बाईंनीच. साऱ्या वर्धा जिल्ह्यात त्यांच्यासारखा दुसरा वकील सापडायचा नाही. बाईंचं माहेर आणि सासर आंजीत एकाच गल्लीत. वरातीला बैल जुंपायच्या आत सासर आलं, असं सासूबाई सांगायच्या. त्यांच्या घरी भाऊजी दिवेलागणीपासून बातम्या लावून बसतात, म्हणून बाई मालिका पाहायला आमच्याकडे. वेचणीच्या दिवसांत आमची पुढची खोली खिडकीपर्यंत कापसानं भरते आणि टीव्हीही तिथंच. बसलं की माणूस हळूहळू आत आत जातं. अंगाला खाज सुटते, पण ऊब अशी की आवाज दुरून यायला लागतात, डोळे जड होतात. त्या मालिकेतलं किती मी पाहिलं आणि किती मला स्वप्नात दिसलं, हे आजही सांगता यायचं नाही.

मालिकेत एक थोरली जाऊ होती. तिनं धाकटीच्या खिरीत मीठ टाकलं, कागद चोरले, शेवटी बिचारीला तुरुंगातही धाडलं. साऱ्या आंजीनं तिच्या नावानं बोटं मोडली. एकट्या बाई म्हणायच्या, "अवं, तिच्या बी पोटात काई असन ना! कोनी इचारलं का तिले कधी?" मालिका लागायच्या आधी त्या तोंड धुऊन, लुगडं बदलून यायच्या. कापसात ताठ बसणं देवालाही जमत नाही, पण बाई बसायच्या आणि थोरलीला समजवायच्या, "माघारी फिर माय, अजून वेळ गेला नाई." एका शनिवारी तर तिच्या नावानं मारुतीला नारळ घेऊन गेल्या. देवळातल्या पुजारी महाराजांनी नाव-गोत्र विचारलं. बाई म्हणाल्या, "नाव टीवीतलं घ्या, गोत्र माह्या माहेरचं लावा. बिचारीच्या मांगं कोनी हाये का?"

मी मनात म्हणायची, घ्या, चोराला चोराची कणव. कारण माझ्या गोष्टीतली थोरली म्हणजे बाईच. लग्नानंतरचा माझा पहिलाच भादवा. आमच्या घरी दोन महालक्ष्म्या बसतात, मोठी आणि लहानी. त्यांना लुगडी नेसवायचं काम बाईंचं, परकरात होत्या तेव्हापासूनचं. त्या वर्षी सासूबाईंनी ते मला दिलं. म्हणाल्या, "लेक आता दुसऱ्या घरची, सून आपली." मी सिंदी रेल्वेची. आमच्या गावी गाडी थांबते, म्हणून मला वाटायचं की जगही मलाच पाहायला थांबतं. मोठ्या ठसक्यात नेसवलं. बाई दारात उभ्या होत्या. शेवटची निरी बसली आणि चारचौघींसमोर त्या म्हणाल्या, "लक्ष्म्या कुबड्या दिसून राह्यल्या वं."

झालं! विसर्जनापर्यंत मी रडले. आत रडलं तर पाहणार कोण, म्हणून बाहेर ओट्यावर जाऊन रडले. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका विचारायच्या, "काऊन रडून राह्यली?" मी "काही नाही" असं म्हणायची की विचारणारीनं तिथंच बसकण मारावी. त्यानंतर दरसाल मीच नेसवलं, दरसाल बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, दरसाल काहीतरी खोट काढली. मी मात्र मोठ्या मनानं गप्प राहिले. म्हणजे बाईंपुढे गप्प, बाकी साऱ्या गावाला सांगून झालं होतं. बाईंनी एकदा "चुकलं" म्हणावं, एवढीच माझी आस. त्या आशेवर मी म्हातारी झाले.

मालिकेचा शेवटचा भाग लागला. थोरली अंगणात आली, धाकटीच्या पायांशी बसली. पडदे उडाले, झाड नव्हतं तरी वरून पाकळ्या पडल्या. मी अर्धी झोपेत होते. वळून पाहते तर बाई तोंडाला पदर लावून रडताहेत. टीव्हीच्या निळ्या उजेडात त्यांच्या सुरकुत्या कुठं गेल्या कोण जाणे. दारात उभी असलेली तेव्हाचीच बाई मला दिसली. माझं काळीज लोणी झालं. वाटलं, हाच तो पश्चात्ताप. बिचारीला बोलता येत नाही. आता नायिकेनंच पुढं व्हायला हवं. मी त्यांचा हात हाती घेतला आणि टीव्हीतल्यासारखा आवाज काढून म्हणाले, "बाई, रडू नका. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

बाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"मले?"

"हो."

"कायच्यापाई?"

"त्या पहिल्या महालक्ष्म्यांपायी. चारचौघींत रडवलं होतं ना मला."

बाई अशा हसत सुटल्या की कमरेपर्यंत कापसात गेल्या. हात माझ्या हातात होता, म्हणून मीही गेले. टीव्हीत अजून गळाभेटी चालू होत्या. हसणं ओसरलं तरी बाईंनी हात सोडवला नाही. माझ्या केसांत अडकलेला कापसाचा पुंजका काढत, झोपेतल्या लेकराशी बोलावं तशा हळू आवाजात त्या म्हणाल्या:

"अवं येडे, मी तुह्यासाठीच रडून राह्यली होती. टीवीतली थोरली माघारी फिरली, तू कवा फिरशीन म्हनून. त्या साली दारात उभी राहून वाट पाहून राह्यली होती मी. वाटलं, ही पोरगी एकडाव तरी म्हनन, या बाई, एक निरी तुम्ही घाला. तुह्या तोंडून शब्द निंगाला नाई, मंग माह्या तोंडून वाकडा निंगाला. दरसाल तशीच येऊन उभी राहो अन् देवाले म्हनो, हिले कधी तरी सुचू दे. अन् आज तूच मले माफ करून राह्यली! बरं, कर बापा. पन येत्या भादव्यात मोठी मी नेसवतो, लहानी तू नेसव. माहे गुडघे दुखते, तं खालच्या निऱ्या तूच धरजो."