दाजी गळ टाकतात

यंत्राचा स्वभाव दाजींइतका ओळखणारा माणूस वसमत तालुक्यात झाला नाही, आणि माशाचा स्वभाव त्यांच्याइतका न ओळखणाराही. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान, माझे साडू. उभी नोकरी त्यांनी बसडेपोत मेकॅनिक म्हणून केली. बस फाटकातून आत शिरतानाच, हातातला कप खाली न ठेवता, "मागचं डावं बेअरिंग रडून राहिलंय," असं सांगायचे, आणि ते तसंच निघायचं. निवृत्तीनंतर ऐकण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी आक्काचा चांगला चालणारा मिक्सर उघडला. तो नंतर असा उसळायला लागला, की चटणी वाटताना आक्का त्याच्यावर दोन्ही हातांनी पाट दाबून धरायची.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी जाहीर केलं, की आपण मासे धरणार, आणि तेही समुद्रावर जाऊन. आयुष्यात त्यांनी मासा खाल्लाही नव्हता.

"येलदरीचं धरण काय आटलं काय?" आक्कानं विचारलं.

"धरणातले मासे कोंडलेले असतात. शिकायचं तर मोकळ्या माशावर शिकावं."

काठी आणि रीळ आली. रीळ अर्थातच आधी खोलून, तेल घालून पुन्हा बसवलं गेलं. मग गच्चीवर दोऱ्याला गळाऐवजी लिंबू बांधून सराव सुरू झाला. तिसऱ्या दिवशी लिंबानं शेजारच्या काकूंच्या कपड्यांच्या दोरीला वेढे घातले आणि ते त्यांचं पातळ घेऊन परत आलं. "पाहा, पहिल्याच हप्त्यात काहीतरी लागलं का न्हाई?" असं दाजी वर काकूंनाच विचारत होते.

सोबतीला त्यांनी मला निवडलं. मी सेनगावला शाळेत शिकवतो. "मास्तर, तुमीच चला. तुमाला गप बसता येतं," ते म्हणाले. शिक्षकाला हे कोणी कधी म्हणत नाही, म्हणून मी गेलो.

रेल्वे, एसटी आणि शेवटी रिक्षा करत आम्ही शनिवारी दुपारी कोकणातल्या एका लहानशा गावी पोचलो. समुद्र समोर आल्यावर दाजी बराच वेळ कान देऊन उभे राहिले. मग म्हणाले, "इंजन एकदम बराबर हाय."

पिशव्या वाळूवर ठेवून आम्ही खडकावर बसलो. तासाभरानं मागे वळून पाहिलं तर आमच्या पिशव्या तरंगत होत्या. "मास्तर, पाणी वर येऊन राहिलंय! गेट उघडलं काय कोणी?" दाजी ओरडले. जवळच जाळं दुरुस्त करणारा एक म्हातारा कोळी हसत उठला, पिशव्या बाहेर काढल्या आणि म्हणाला, "पाहुणे, भरती आहे ती." दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आमच्यासाठी गळाला लावायला कोलंबी घेऊन आला.

गळ पाण्यात पडतो न पडतो तोच दाजी म्हणाले, "लागला! काठी हलून राहिली पाहा." खरंच, काठीचं टोक थरथरत होतं. दोरा गुंडाळला, तर कोलंबी जशीच्या तशी. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी म्हाताऱ्यानं काठीला हात लावून पाहिलं, मग दाजींच्या मनगटाला. "मासा नाही, दादा," एवढंच हळू बोलून तो आपल्या जाळ्याकडे निघून गेला.

मी दाजींच्या हाताकडे पाहिलं. तो एकटाच हलत होता.

"चार महिने झाले," ते पाण्याकडे पाहत म्हणाले. "पयले नटावर पाना बसंना. नांदेडच्या डॉक्टरनं लांबलचक नाव सांगितलं. वाढत जाईल म्हणाला."

"आक्काला?"

"न्हाई सांगितलं. घरात सांगायला तोंड उघडत न्हाई."

"मग हे मासे काहून, दाजी?"

"काठी हातात असली की हात हलला तरी लोक म्हणतात, मासा लागला. पण धरणावर सगळे डेपोतले ओळखीचे. त्यांनी माझा न हलणारा हात पाह्यलेला हाय."

मी त्यांच्या हाताखाली काठी धरली. दोघं तसेच बसलो. ऊन चढलं. मग एकाएकी काठीला असा हिसका बसला, की दाजी अर्धे उभे राहिले. "हा माझा न्हाई! मास्तर, ओढा! हा माझा न्हाई!"

वीतभर लांबीची, बोय नावाची मासोळी निघाली. म्हाताऱ्याच्या बायकोनं ती तळून दिली. दाजींनी एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीनं मांडला आणि म्हणाले, "आतलं काम लई बारीक हाय."

मंगळवारी सकाळी वसमतला उतरलो. आक्कानं चहा केला. दाजींनी कप उचलला नाही. हात तिच्यासमोर मोकळा ठेवला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "तुमच्या समद्या शर्टांच्या गुंड्या काढून मोठ्या काहून लावल्या म्या? काजं बी मोठी केली."

दाजींनी मान खाली घालून छातीवरची एकेक गुंडी चाचपून पाहिली. "व्हय की," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता.

मी चहा तसाच ठेवून उठलो आणि पायांत चपला सरकवल्या. त्या खोलीत त्या वेळी तिसऱ्या माणसाचं काही काम नव्हतं.